पुण्यात क्लब नाइट करायची? दीड वाजल्यापासून उलटं मोजा

नवा आयोजक आधी पोस्टर करायला बसतो. मी म्हणेन, आधी घड्याळ समोर ठेवा. पुण्यात रात्री दीडला बार बंद. म्हणजे शेवटची ऑर्डर एकच्या सुमारास आणि खरी रंगत पावणेबारा ते एक. पण शनिवारी मंडळी घरातूनच निघतात अकराला, मग पार्किंग, मग दारावरची रांग. फ्लोअर भरेपर्यंत क्लब बंद होऊन दिवे लागायची वेळ आलेली असते. त्यामुळे क्लब नाइटचं सगळं नियोजन एका प्रश्नाभोवती फिरतं: लोक साडेदहाला आत कसे येतील?

जागा

अंदाज दीडशेचा असेल तर दीडशेचाच हॉल घ्या. चारशेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं भिंतीला टेकून मोबाइल बघत उभी राहतात, नाचत कोणी नाही. बाणेर-मुंढव्याची रूफटॉप ठिकाणं फोटोत झकास दिसतात, पण ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. तुमची गर्दी यायच्या वेळेलाच आवाज बंद! रूफटॉप हवंच असेल तर चार ते दहाचा सनडाउनर, म्हणजे मावळतीची पार्टी, करा. रात्रीसाठी बंदिस्त, साउंडप्रूफ हॉलच बघा.

व्यवहार बहुतेक वेळा ‘दार तुमचं, बार त्यांचा’ असा होतो: तिकिटाचे पैसे आयोजकाला, दारूविक्री मालकाची. काही मालक मिनिमम गॅरंटी मागतात, म्हणजे ठरलेल्या आकड्याइतकी विक्री झाली नाही तर फरक तुम्ही भरायचा. पहिल्या रात्रीला ही अट अजिबात मान्य करू नका. त्याऐवजी गुरुवार घ्या. मालकाला तसाही तो दिवस रिकामा जात असतो, त्यामुळे तो ऐकून घेतो. बाउन्सर, साउंडवाला, जादा स्पीकर यांचे पैसे कोण देणार हे निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

परवान्यांची चौकशीही इथेच. रेकॉर्डेड गाणी वाजवायला पीपीएल, नोव्हेक्स, आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागू शकतात. क्लबकडे आहेत का, आणि ते तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला चालतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

तारीख

पगार झाल्यानंतरचा पहिला आठवडा उत्तम. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांतही दारूविक्री बंद असते. विसर्जनाच्या दिवसाचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वेगळा निघतो, तो पाहा. गर्दी कॉलेजची असेल तर परीक्षांचं वेळापत्रक, नोकरदारांची असेल तर जोडून आलेल्या सुट्ट्या तपासा. लाँग वीकेंडला अर्धं पुणं गोव्यात किंवा अलिबागला असतं.

डीजेंची क्रमवारी

सगळं लक्ष हेडलायनरवर, म्हणजे रात्रीच्या मुख्य डीजेवर, आणि वॉर्म-अपला, म्हणजे सुरुवातीच्या वेळेला, ‘मित्राचा भाऊ वाजवतो’. इथेच रात्र हातातून जाते. नऊ ते अकरा वाजवणारा डीजे सर्वांत समजूतदार हवा. त्याने आवाज बोलता येईल इतका ठेवायचा, टेम्पो हळूहळू चढवायचा आणि अकराच्या आत एकही हुकमी गाणं फोडायचं नाही. रिकाम्या फ्लोअरवर ‘झिंगाट’ लावलं की ते गाणं त्या रात्रीपुरतं वाया गेलं. प्रत्येकाची वेळ लेखी द्या. साउंड चेक संध्याकाळीच उरका. डीजेंना दोन पेनड्राइव्ह आणायला सांगा, तेही फॅट ३२ फॉरमॅटचे. जुने प्लेअर बाकीचे बरेच फॉरमॅट वाचत नाहीत आणि हे नेमकं रात्री साडेनऊला कळतं.

प्रसिद्धी

तीन आठवडे पुरतात. पोस्टरवर संगीताचा प्रकार, तारीख, जागा, वेळ आणि तिकीट ठळक हवं. बारा नावं आणि दहा लोगो कोणी वाचत नाही. रील लोकांना माहिती देते, पण आणते ओळख. म्हणून दहा-बारा अशी माणसं शोधा ज्यांच्यामागे आठ-दहा जणांचा कंपू असतो: डान्स क्लासवाली ताई, कॉलेजच्या बँडमधला पोरगा, आयटीतला वाढदिवसवाला. त्यांना स्वतः फोन करा. ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड जिथल्या तिथे राहतो.

तिकिटाचा भाव वेळेशी बांधा. साडेदहाच्या आत आलात तर स्वस्त, त्यानंतर दारावर पूर्ण कव्हर, म्हणजे प्रवेशाचे पूर्ण पैसे. गेस्ट लिस्टही साडेदहालाच बंद. पहिल्यांदा मंडळी कुरकुरतील, ओळखी सांगतील. नियम मोडू नका. एकदा मोडलात की पुढच्या वेळी कोणीच लवकर येणार नाही.

दार

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर (अल्पवयीन चालकाने आधी बारमध्ये दारू प्यायल्याचा आरोप होता) या बाबतीत कोणी डोळेझाक करत नाही, करूही नये. ओळखपत्र बघूनच मनगटाला पट्टी बांधा, दोन वयांसाठी दोन रंग. एकट्या मुलांना सरसकट परत पाठवण्यापेक्षा मुलींना सुरक्षित वाटेल अशी माणसं आत ठेवा: एक महिला बाउन्सर आणि तक्रार आली की लगेच धावणारा तुमचाच कोणीतरी.

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमधल्या पबना लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यामुळे बाहेर पडायची दुसरी वाट स्वतः चालून बघा. तिथे बिअरचे क्रेट रचलेले असतील तर हलवून घ्या. आत कसलीही आतषबाजी नको, बाटलीवरची फुलबाजीसुद्धा नको. हॉलच्या क्षमतेचा आकडा गाठला की दार बंद, मग बाहेर कोणीही उभं असो.

दिवे लागल्यावर हिशोब त्याच रात्री मिटवा आणि वॉर्म-अप डीजेचे पैसे सगळ्यांत आधी द्या. साडेदहापर्यंत किती जण आत आले होते तो आकडा टिपून ठेवा. मालकाशी शनिवारची बोलणी करताना तोच उपयोगी पडेल.