पेशी वाचल्या, असं म्हणण्याआधी

पार्किन्सनवर पीएचडी करायला येणाऱ्या बहुतेकांना मेंदूतल्या पेशी वाचवणारं औषध शोधायचं असतं. मलाही तेच हवं होतं. लेव्होडोपा या नेहमीच्या औषधाने हालचाल सुधारते, पण डोपामाइन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरतच राहतात. त्यांचं मरण थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध आजही नाही.

मी सुरुवात केली ती एसएच-एसवाय५वाय पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, चेतापेशींसारख्या मानवी पेशींवर. त्यांना रोटेनोन हे विष द्यायचं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं कॉम्प्लेक्स-१, पेशीच्या ऊर्जानिर्मितीतला एक टप्पा, बंद पडतं, आणि त्याआधी आपला वनस्पतीचा अर्क. मग पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून बघणारी एमटीटी चाचणी. जिवंत पेशी पिवळ्या द्रावणाचे जांभळे स्फटिक करतात. रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जगल्या असं धरतात. माझ्या प्लेटमध्ये अर्काच्या सगळ्या वेल्स (प्लेटमधले छोटे खळगे) गर्द जांभळ्या. चार महिने मी हवेत होते. एक दिवस लॅबमधल्या सीनियर ताईने विचारलं, "पेशी न घालता नुसता अर्क टाकून बघितलास का गं?" दुसऱ्या दिवशी बघितला. एकही पेशी नसलेली वेल तेवढीच जांभळी! अर्कातली अँटिऑक्सिडंट्सच एमटीटीचा रंग बदलत होती. चार महिन्यांचे आलेख बाद झाले, आणि मी खूप रडले.

म्हणून बिनपेशींचा कंट्रोल पहिल्याच दिवशी लावा. एलडीएचसारखी, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं एन्झाइम मोजणारी, वेगळ्या तत्त्वावरची चाचणी जोडीला ठेवा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्वतः बघा.

गाइडची परवानगी काढून एखादी सकाळ न्यूरोलॉजीच्या ओपीडीतही बसा. तिथे एका आजोबांनी कागदावर सही केली. पहिलं अक्षर ठळक, आडनावापर्यंत येईतो मुंगीएवढं. हात थरथरायला लागून दीड वर्ष झालं होतं. आणि मी प्लेटमध्ये औषध देत होते विषाच्या चोवीस तास आधी! हात थरथरू लागेपर्यंत कितीतरी पेशी गेलेल्या असतात.

त्या दिवसापासून अर्क विषानंतरही देऊन बघू लागले. कोएन्झाइम क्यू१० हे पूरक आणि इस्राडिपिन हे रक्तदाबाचं औषध, दोन्ही प्रयोगशाळेत आशादायक होती, रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत चालली नाहीत. एक्झेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाने २०१७ मध्ये छोट्या चाचणीत उमेद दिली. २०२५ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल नकारार्थी आला. विषय ठरवण्याआधी हे पेपर मुळातून वाचा.

विषानंतर दिल्यावर माझ्या अर्काचा परिणाम अगदी थोडा उरला. थिसिसमध्ये मी तोच आकडा दिला आहे.