हुकअप वायरचा प्रश्न लॅन केबलने सुटला

ब्रेडबोर्डसाठी (सोल्डर न करता सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड) सिंगल-कोअर, म्हणजे आत एकच सलग तार असलेली हुकअप (जोडणीची) वायर जवळपास कुठेच मिळेना. दुकानात होती ती घरच्या वायरिंगची. ती जाड, बोर्डाच्या भोकात जातच नाही. मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर घातली की तारा पिसकटतात.

शेवटी कॅट-५ई लॅन केबलचा तुकडा घेतला आणि काम झालं. आत ८ वायरी, ८ वेगवेगळ्या खुणांच्या, २४ गेजच्या. म्हणजे तार साधारण ०.५ मिमी, ब्रेडबोर्डात घट्ट बसणारी. पण घेताना 'सॉलिड' (सिंगल-कोअर) केबलच मागा. पॅच कॉर्डमध्ये (दोन्ही टोकांना प्लग लावलेली तयार केबल) बहुतेकदा मल्टीस्ट्रँड असते. आणि तार ब्लेडने खरवडून बघाच. वर तांबूस आणि आत चंदेरी दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दोन-तीनदा वाकवलं की तुटतं, सोल्डरही नीट धरत नाही. अशी केबल फुकट मिळाली तरी नको.

लॅन केबलमधल्या वायरीचं इन्सुलेशन (वरचं प्लास्टिक) सोल्डरिंगच्या उष्णतेने पटकन वितळून मागे सरकतं, त्यामुळे टाका झटपट द्यायचा. सिग्नलला आणि एलईडीला ही वायर उत्तम. मोटरला जाड वायर लावा. सतत हलणाऱ्या भागाला मात्र मल्टीस्ट्रँडच हवी.