आधी केस, मग नंबर: जुन्या जी.आय. जो फिगरचं ग्रेडिंग आणि जतन कसं करायचं

फनस्कूल कंपनीची जी.आय. जो फिगर, म्हणजे खेळण्यातला छोटा सैनिक, मागच्या पुठ्ठ्याच्या कार्डासकट, न उघडलेली, अशी घरात कुठेतरी सापडली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ग्रेडिंगला, म्हणजे तपासून दर्जाचा नंबर लावून घ्यायला, पाठवू का? मला इतक्या जणांनी विचारून झालंय की आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकतो. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो, ग्रेडिंग दोन वर्षांनी केलं तरी चालतं, केस, म्हणजे वस्तू ठेवायची पारदर्शक पेटी, मात्र या पावसाळ्याच्या आत करा. आपल्या हवेत कार्डाला थांबायला वेळ नसतो.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. शाळेत असताना मामा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन बीचहेड, जी.आय. जोमधलाच एक सैनिक, घेऊन आले, एक मला, एक मामेभावाला. माझा मी त्याच संध्याकाळी फोडला. भाऊ हॉस्टेलला होता, त्याचा मामीने जपून कपाटात ठेवला, साड्यांच्या घडीत, आणि तो तिथेच राहून गेला. २०१९ ला मामीने तो काढून माझ्या हातात दिला तेव्हा कार्ड बघून अंगावर काटा आला, रंग एकदम ताजे, कोपरे धारदार. मग उजेडात धरला. साड्यांसाठी टाकलेली डांबरगोळी घसरून बबलच्या, म्हणजे फिगर झाकणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या, खालच्या कोपऱ्याला टेकली होती आणि तेवढा रुपयाएवढा भाग ढगाळ झालेला, बोटाला किंचित चिकट लागणारा. डांबरगोळीची वाफ बऱ्याच प्लास्टिकला मऊ करते. मामीने मायेने जपलं होतं, तिला कसं माहीत असणार, आणि मी तिला आजही सांगितलेलं नाही. तर पहिला नियम, खेळणी असतील त्या कपाटात डांबरगोळी नको, ओडोनिलची वडी नको, कापूर पण नको.

आता फनस्कूलच का, तर आपल्याकडे सापडण्याची शक्यता असलेली आणि जगभरचे कलेक्टर शोधत असलेली वस्तू हीच. कंपनी १९८७ ची, एमआरएफ आणि अमेरिकेतली खेळण्यांची कंपनी हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघालेली, कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोचे साचे इकडे आले आणि त्यातून निघालेल्या बऱ्याच फिगरचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे, म्हणून तिकडच्या लोकांना त्या हव्या असतात. बॉम्बेच्या ब्लो प्लास्टने लिओ नावाने काढलेले ही-मॅन आणि हॉट विल्स पण याच जातीतले, पुढचं सगळं त्यांनाही लागू.

ग्रेडिंग म्हणजे काय ते थोडक्यात. तुमची वस्तू तिसरा माणूस तपासतो, असली आहे का, कुणी उघडून परत चिकटवलीय का, हालत कशी आहे, मग नंबर देतो आणि ॲक्रेलिकच्या केसमध्ये लेबलसकट सील करून परत पाठवतो. अमेरिकेतली एएफए म्हणजे ॲक्शन फिगर ऑथॉरिटी सगळ्यात ओळखीची, तिकडेच सीएएस पण आहे, आणि ब्रिटनमध्ये यूकेजी. एएफएचा नंबर शंभरपैकी असतो आणि शाळेतल्या मार्कांसारखा बघू नका, ८० म्हणजे छान वस्तू, ८५ म्हणजे फार छान, ९० जुन्या कार्डावर मिळाले तर पेढे वाटा. कार्डावरच्या फिगरला तीन वेगळे नंबर पण मिळतात, कार्ड, बबल आणि आतली फिगर. एकूण नंबर ही त्या तिघांची सरासरी नसते, त्यामुळे फिगर झकास आणि कार्ड वाकलेलं असेल तर फिगर कार्डाला वर ओढून नेईल असं धरून चालू नका.

पाठवायच्या आधी घरी स्वतः तपासा, यात अर्धा तास जातो पण पुढचे हजारो रुपये वाचू शकतात. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च कार्डाला समांतर, अगदी बाजूने मारा. समोरून न दिसणाऱ्या घड्या, वरवर सरळ वाटणाऱ्या कार्डाची लाट, नखाचे ओरखडे, सगळं सावली टाकून समोर येतं. मग बबलची कड चारी बाजूंनी हळू बघत जा, कुठे सुटलीय का, आणि सुटली असेल तर कार्डाचा कागद सोलून निघालाय का नुसताच गोंद वाळलाय, दोन्हींत फरक आहे. वर टांगायचं भोक बघा, त्या भोकातला कागदाचा तुकडा अजून जागेवर असेल तर त्याला अनपंच्ड म्हणतात आणि कलेक्टर त्याला जास्त भाव देतात, म्हणून उगाच बोट घालून बघू नका. बबल दबला असेल तर आतून बाहेर काढायचे उद्योग नकोत, हेअर ड्रायर तर मुळीच नको, गरम हवेने बबल सरळ होण्याआधी गोंद सुटतो.

दुकानदाराने लावलेला किमतीचा स्टिकर काढू नका!! हे मी मुद्दाम ओरडून सांगतोय. रुपयातली किंमत, दुकानाचं नाव, हा त्या फिगरचा जन्माचा दाखला आहे, आणि तो काढताना कार्डाची वरची छपाई हमखास सोलली जाते.

नकली किंवा परत चिकटवलेलं ओळखायला छोटा यूव्ही टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरवाला. नव्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, तो अंधारात निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसतो, आणि नंतर लावलेला गोंद पण बऱ्याचदा वेगळा चमकतो. फक्त एकटी वस्तू बघून निकाल देऊ नका, त्याच काळातलं खात्रीचं दुसरं कार्ड शेजारी धरा, कारण जुने कागदही सगळे सारखे नसतात.

आता केस. बाजारात तयार येतात त्यातले उघडझाप करणारे पातळ प्लास्टिकचे स्वस्त डबे तात्पुरते चालतात, धूळ आणि हातांपासून वाचवतात. पण कायमचं करायचं तर ॲक्रेलिक. बाहेरून मागवायची गरज नाही, आपल्या गावात नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणारा जो माणूस असतो ना, लेझर कटिंगवाला, तो हे करून देतो. त्याला ३ मिलिमीटरची शीट सांगा, पाच बाजू जोडलेल्या आणि खालून सरकणारं झाकण. माप घेताना कार्डाची रुंदी आणि उंची प्रत्येकी २-३ मिलिमीटर वाढवून द्या, आणि खोली बबलच्या सगळ्यात फुगीर जागेपासून मोजा, तिथेही थोडी मोकळीक. कार्ड आत खडखडलं नाही पाहिजे आणि दाबलंही गेलं नाही पाहिजे. मी पहिल्या केसला माप अगदी काटेकोर दिलं होतं, थंडीत बसलं आणि जुलैत कार्ड फुगून कडेला अडकलं, काढताना श्वास रोखून धरला होता.

एक गोष्ट पाटीवाले स्वतःहून सांगत नाहीत. ॲक्रेलिक जोडायला जे पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट वापरतात त्याची वाफ केसमध्ये बरेच दिवस राहते. केस आणल्या आणल्या फिगर आत घालू नका, झाकण उघडं ठेवून दोन आठवडे हवेशीर जागी ठेवा, नाक लावून बघा, वास पूर्ण गेला तरच घाला. पुसायला मायक्रोफायबर आणि साधं पाणी, काच पुसायचा स्प्रे किंवा स्पिरिट नको, लेझरने कापलेल्या कडांना त्याने बारीक तडे जातात. यूव्ही अडवणारं ॲक्रेलिक मिळालं तर उत्तमच, महाग पडतं, पण ते लावलं म्हणून केस उन्हात ठेवायची मुभा मिळत नाही, कार्डावरचा लाल आणि पिवळा रंग साध्या उजेडानेही हळूहळू उडतोच.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी असते आणि उष्णतेने बबल पिवळा पडतो, मऊ प्लास्टिकमधलं तेल बाहेर येऊन फिगर चिकट होते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीआडही शक्यतो नको, फोडणीचा तेलकट धूर सगळीकडे पोचतो, आणि देवघराशेजारी उदबत्तीचा. आतल्या खोलीतलं बंद कपाट सगळ्यात चांगलं, आणि त्यात दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रता मीटर ठेवा. ४५ ते ५५ टक्के हवं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेर ८५-९० असतं, म्हणजे काम आहे. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा, केसच्या आत कार्डाला टेकतील अशा नाही, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरा, निळ्याऐवजी नारिंगी रंगवाल्या घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. पण पुड्यांचा मारा करून ३० वर पण आणू नका, कार्ड उलट्या बाजूला वळतं आणि जुना गोंद ठिसूळ होऊन बबल सुटतो.

सुट्ट्या फिगरवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही, त्यांचंही ग्रेडिंग होतं. फक्त हात लावताना दोन जागा सांभाळा. अंगठा, हातात बंदूक जबरदस्तीने कोंबली की पहिला तो जातो, आधी कोमट पाण्यात हात दोन मिनिटं धरा म्हणजे प्लास्टिक जरा मऊ होतं. आणि कमरेतली रबरी रिंग, ओ-रिंग म्हणतात ती, तिच्यावर पाय आणि धड एकत्र उभं असतं. तीस वर्षांत रबर वाळतं, पाय लुळे पडतात आणि एक दिवस तुटून खाली येतात. पाठीचा स्क्रू सैल करून नवी रिंग घालता येते, स्क्रूड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं, ते नजरेत भरतं. बदललं असेल तर पाठवताना फॉर्मवर लिहा, लपवू नका. बंदूक-बॅग नंतर कुठून घेऊन जोडली असेल तर ती असली आहे का बघा, नकली सामान बरंच फिरतंय.

आता खरंच पाठवायचं का, याचा हिशोब कागदावर मांडा. ग्रेडिंगची फी, जायचं कुरियर, विमा, यायचं कुरियर, आणि कस्टम्स. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. आपलीच वस्तू परत येतेय हे सिद्ध करायला जातानाचे कागद, फोटो, जाहीर केलेली किंमत सगळं जपून ठेवा आणि पाठवायच्या आधीच कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटशी बोला, पार्सल अडकल्यावर नाही. साध्या, भरपूर मिळणाऱ्या फिगरला हा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो, तिथे मी स्पष्ट नको म्हणतो, घरची केस करा आणि आनंदात बघा. दुर्मिळ रंग, अनपंच्ड कार्ड, किंवा बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकायचं असेल तर मात्र नंबर कामाला येतो, कारण समोरच्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. न्यू जर्सीला वगैरे कुणी नातेवाईक असेल तर तिथून पाठवून तिथेच परत घेता येतं आणि ते भारतात येताना केबिन बॅगेत आणू शकतात. सुटकेसमध्ये मात्र घालू देऊ नका.

पॅकिंगला जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. आधी ॲसिड-फ्री टिश्यू, मग दोन कडक फोमच्या पाट्यांमध्ये कार्ड, पुढच्या पाटीला बबलच्या आकाराची खिडकी कापलेली, म्हणजे बबलवर दाब येत नाही. टेप फक्त पाटीला पाटीवर. बबल रॅप थेट प्लास्टिकला लावायचा नाही, गरमीत त्याचे गोल वळ उमटतात. हे सगळं झिप पिशवीत, मग छोटा खोका, मग पाच पदरी मोठा खोका, मध्ये सगळीकडून ५ सेंटीमीटर भरण. हलवून बघा, आवाज आला तर परत उघडा. माझी एक फिगर एकाच खोक्यातून कुरियरने आली होती, बबलची कड आत चेपलेली, आणि नुकसान पाठवतानाचं की वाटेतलं हे दाखवायला फोटोच नव्हते. तेव्हापासून पॅक करायच्या आधी आठ फोटो काढतो, पुढून, मागून, चार कोपरे, आणि बबलच्या दोन बाजू.

परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. लेबलवरचं नाव, नंबर आणि सिरीयल त्यांच्या कागदाशी जुळवा, केसच्या चारी कडा बघा, आत फिगर बबलमध्ये सरकलीय का ते बघा, आणि काही चुकलं असेल तर सील न उघडता त्याच दिवशी कळवा.