खो-खोच्या मोठ्या स्पर्धेआधी संघाचा जोम कसा टिकवावा

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताने तो पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत जिंकला. तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या पोट्ट्यांच्या डोळ्यांपुढे मोठं स्वप्न आहे. पण सरावाच्या चौथ्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला, पिंडऱ्या दुखत असताना अंथरुणातून उठायला ते स्वप्न पुरत नाही. तिथे आखणी लागते.

"पोरं कंटाळली" असं म्हणण्याआधी कंटाळा कशाचा आहे ते तपासा. बहुतेक वेळा तो साधा थकवा असतो. प्रत्येकाने सकाळी उठल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजून आकडा लिहावा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असं सलग तीन दिवस दिसलं तर त्या खेळाडूला एक दिवस फक्त चालणं आणि ताणाचे व्यायाम द्या. अशा वेळी ओरडून पळवलं तर आठवड्याभरात स्नायू ओढला जातो आणि स्पर्धाच हातची जाते.

नागपुरात मरगळीचं दुसरं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा सराव सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहानंतरच ठेवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ५० किलोच्या मुलीचं वजन एका सत्रात १ किलो घटलं, म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. एवढ्यानेच चिडचिड, सुस्ती आणि चुकीचे खो सुरू होतात. दर १५-२० मिनिटांनी पाऊण ते एक पेला पाणी सगळ्यांनी प्यायचं, तहान असो वा नसो. लांबलेल्या सत्राला लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं सरबत ठेवा. सकाळच्या सरावाआधी तर्री-पोहे नकोत, केळं किंवा दोन खजूर पुरे. पोहे नंतर खा, तर्री बेतानेच. कुणाला गरगरलं, मळमळलं तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता. बोलणं असंबद्ध वाटलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

भीतीही आळसासारखीच दिसते. खांबावर सूर मारताना एकदा कोपर सोललं की खेळाडू खांबापाशी आपोआप मंदावतो, आणि प्रशिक्षकाला वाटतं तो जोर लावत नाही. त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर न्या: गादी टाकून गुडघ्यांवरून सूर, मग तीन पावलांचा, मग पूर्ण धावेचा. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस द्या. मातीचं मैदान आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा. कडक जमिनीवर सूरही लागतो आणि नडग्याही दुखतात.

आता वही. जोम टिकवायला हिच्याइतकं उपयोगी काही नाही. प्रत्येक संरक्षकाची (पळून बचाव करणाऱ्याची) वेळ सेकंदांत लिहा: आधीचा गडी बाद झाल्यापासून हा बाद होईपर्यंत. डाव ९ मिनिटांचा आणि गडी नऊ, म्हणजे प्रत्येकी सरासरी एक मिनिट तग धरला तर डाव निघतो. प्रत्येकाने फक्त १० सेकंद वाढवले तरी संघाची दीड मिनिटं वाढतात. "जीव तोडून खेळा" यापेक्षा "तुझे ४२ सेकंद आहेत, शनिवारपर्यंत ४८ कर" हे खेळाडूला कळतं. त्याची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा. तुकडीतले (एका वेळी पळायला उतरणाऱ्या तिघांतले) सोबती लवकर बाद झाले तर मैदानावर उरलेला दमतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून कुणाला नावं ठेवू नका. आक्रमणात किती गडी टिपले यासोबत चुकीचे खो किती, हेही मोजा.

शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणं बंद करा. हा खेळच धावण्याचा. धावणं शिक्षा झालं की खेळही नकोसा होतो. उशीर करणाऱ्याकडे मैदानाला पाणी मारण्याचं काम द्या.

राखीव खेळाडू सर्वांत आधी खचतात. सराव सामन्यात त्यांना प्रतिस्पर्ध्याच्या साखळीप्रमाणे (बसलेल्या गड्यांमधून पळण्याच्या ठरावीक पद्धतीने) पळायला सांगा, घड्याळ आणि वही त्यांच्याकडे द्या, आणि आठवड्यातून एक पूर्ण डाव त्यांचा ठेवा. नवात कोण, हे दहा दिवस आधी प्रत्येकाला एकेकटं सांगा. न घेतलेल्याला कारणही सांगा. यादी भिंतीवर लावून निघून जाणं वाईट.

दहावी-बारावीची मुलं असतील तर वेळापत्रक लेखी करून आईवडिलांच्या हाती द्या. क्लासची वेळ आणि सराव यांची ओढाताण घरी रोज रात्री होत असेल, तर मैदानावर त्या मुलाचं मन नसणारच.

शेवटचे दहा दिवस सराव जवळपास निम्म्यावर आणा, वेग मात्र तोच ठेवा: चार डावांऐवजी दोन, पण पूर्ण ताकदीने. इथेच प्रशिक्षक घाबरतात आणि उरलेलं सगळं एकदम शिकवायला जातात. नवी साखळी या दिवसांत नको.

परगावी मुक्काम बऱ्याचदा शाळेच्या वर्गात असतो. चटई, मच्छरदाणी, पाण्याची स्वतःची बाटली न्या, आणि रात्री साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल व्यवस्थापकाच्या पिशवीत जमा करा.