ड्राइव्ह ट्रिप झाला की रीसेट दाबण्याआधी

आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड करून आलेल्या पोराला स्टार-डेल्टा स्टार्टर झोपेतून उठवलं तरी जोडता येतो. ड्राइव्हसमोर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रासमोर, मात्र तोच पोरगा दोन पावलं मागे उभा राहतो. सूतगिरणीच्या मेंटेनन्सला लागलात तर असं मागे राहून चालत नाही. सूत कातणारी रिंगफ्रेम असो की हवेत ओलावा राखणाऱ्या ह्युमिडिफिकेशनचे पंखे, जिथे वेग कमी-जास्त करायचा तिथे ड्राइव्ह आलाच.

आतलं काम थोडक्यात असं: तीन फेज ४१५ व्होल्ट येतात, डायोड ब्रिज त्याचं डीसी करतो, मोठे कपॅसिटर ते धरून ठेवतात आणि सहा आयजीबीटी (झपाट्याने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याचे बारीक तुकडे करून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सप्लाय देतात. डीसी बसवर, म्हणजे कपॅसिटर जोडलेल्या डीसीच्या लाइनवर, साधारण ५८० व्होल्ट असतात आणि एमसीबी पाडली म्हणून ते लगेच जात नाहीत. कव्हरवर जितकी मिनिटं थांबायला लिहिलंय तितकी थांबा, मग डीसीच्या प्लस-मायनसवर मीटर लावून खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली, असं धरू नका.

आता ट्रिप, म्हणजे दोष दिसताच ड्राइव्हने स्वतःहून बंद पडणं. शिफ्टच्या ऑपरेटरला प्रॉडक्शनची घाई असते, तो डिस्प्लेवरचा दोषाचा कोड न वाचताच रीसेट मारतो. बहुतेक ड्राइव्हमध्ये फॉल्ट हिस्टरी असते. ट्रिप झाला त्या क्षणाचा करंट, फ्रिक्वेन्सी आणि डीसी बसचे व्होल्टेज त्यात सापडतात. ते आधी लिहून घ्या. मग ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: चालू करताच गेला, वेग घेताना गेला, चालता चालता गेला की थांबताना? माझ्या मते निम्मं निदान या उत्तरात असतं. कोड एकच ‘ओव्हरकरंट’, पण चालू करताच आला तर शॉर्टचा संशय घ्यायचा, आणि वेग घेताना आला तर लोड अडकलाय का किंवा रॅम्पची वेळ (वेग चढवायला दिलेला अवधी) फार कमी ठेवलीय का ते बघायचं.

चालू करताच जात असेल तर सप्लाय बंद करून, डीसी बसचे व्होल्टेज उतरल्यावर, मोटरची केबल ड्राइव्हच्या टर्मिनलवरून सोडवा आणि मीटर डायोड मोडवर घ्या. लाल प्रोब डीसी मायनसवर, काळी एकेक करून यू, व्ही, डब्ल्यू या मोटरकडच्या टर्मिनलवर. साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट आणि तिन्हीकडे जवळपास सारखं रीडिंग यायला हवं. मग काळी डीसी प्लसवर आणि लाल त्या तिघांवर, पुन्हा तेच. एखाद्या ठिकाणी शून्य दिसलं तर तो आयजीबीटी शॉर्ट आहे, पुन्हा सप्लाय देऊ नका. रीडिंग चांगलं आलं म्हणून आयजीबीटी शंभर टक्के निर्दोष ठरत नाही, गेटचा, म्हणजे त्याला चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या टोकाचा, दोष यात दिसत नाही. ड्राइव्ह ठीक वाटला तर मोटर आणि केबल मेगर करा, म्हणजे मेगर मीटरने त्यांचं इन्सुलेशन तपासा, पण केबल ड्राइव्हपासून सुटलेली असतानाच. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगरचे ५०० व्होल्ट गेले की मोटरचा दोष राहिला बाजूला, ड्राइव्हच बदलावा लागतो.

पंख्यांची गंमत वेगळी. लाइट जाऊन आली की ह्युमिडिफिकेशनचा एखादाच पंखा ट्रिप होतो, बाकीचे बिनतक्रार चालू होतात. लोक रॅम्प वाढवत बसतात, मोटर बदलायची भाषा करतात. कीपॅड सोडून डक्टमध्ये डोकवा: शेजारचे पंखे आधी सुरू झालेले असतात आणि त्यांच्या हवेने हे पातं उलटं फिरत असतं. उलट फिरणाऱ्या मोटरला ड्राइव्ह शून्यापासून सुलट उचलायला जातो आणि ओव्हरकरंट किंवा ओव्हरव्होल्टेज दाखवतो. उपाय पॅरामीटरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये आहे: मोटर आधीच किती वेगाने फिरतेय ते शोधून तिथूनच तिला उचलायचं. त्याला फ्लाइंग स्टार्ट म्हणतात, काही कंपन्या स्पीड सर्च म्हणतात. दोन्ही दिशांनी शोध घेण्याचा पर्याय चालू आहे ना तेही बघा. थांबताना ओव्हरव्होल्टेज येत असेल तर जड पातं मोटरला जनरेटर बनवून वीज उलटी बसवर ढकलतंय. पंख्याला झटकन थांबायची घाई नसते, त्याला मोकळं फिरत थांबू द्या. ती उलटी वीज जाळणाऱ्या ब्रेकिंग रेझिस्टरचा खर्च कशाला?

गिरणीत उन्हाळ्यात येणाऱ्या टेंपरेचर ट्रिपचं कारण बहुधा रुईच निघते. हीटसिंकच्या पट्ट्यांत तिचा नमदा बसतो. कोरड्या हवेने फुंका, पण फुंकताना कूलिंग फॅनचं पातं बोटाने धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. गरमीकडे दुर्लक्ष महागात पडतं: तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने अर्धं होतं.

आउटपुटचे व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजून कुणाशी वाद घालू नका, पीडब्ल्यूएमवर, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या व्होल्टेजवर, तो काहीही दाखवतो. चालू ड्राइव्हचे पॅरामीटर सगळं सुरळीत असतानाच वहीत उतरवून ठेवा. आणि स्टोअरमधला स्पेअर ड्राइव्ह वर्ष-दोन वर्षं पडून असेल तर तो थेट ४१५ वर टाकू नका. मॅन्युअलमध्ये कपॅसिटर रिफॉर्मिंगचं (पडून राहिलेले कपॅसिटर पुन्हा तयार करण्याचं) पान असतं, त्याप्रमाणे व्होल्टेज हळूहळू चढवा.