युद्धनौका नेमकी कशामुळे बुडाली हे कसं शोधायचं

जुन्या युद्धनौकांबद्दल वाचायला लागलं की एक वाक्य सारखं भेटतं, अमुकने तमुक जहाज बुडवलं, तारीख, किती माणसं गेली, संपलं. पण तीस-चाळीस हजार टनांचं, अंगावर फूटभर जाडीचं पोलादी चिलखत घातलेलं जहाज नुसता गोळा लागला म्हणून खाली जात नाही. जहाज बुडतं ते पाण्याने, नाहीतर स्वतःच्याच दारूगोळ्याच्या स्फोटाने. त्यामुळे कुठलीही हकीकत वाचताना आधी तीन गोष्टी शोधायच्या, पाणी कुठून शिरलं, ते एकाच बाजूला साठलं का, आणि आग दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोचली का. कोणी मारलं हे त्यानंतर बघितलं तरी चालतं.

सगळ्यात आधी घड्याळ बघा, म्हणजे शेवटचा घाव आणि बुडणं यात वेळ किती गेला. १९१५ साली १८ मार्चला तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत फ्रेंच ‘बुव्हे’ पाणसुरुंगावर गेली आणि दोनेक मिनिटांत उलटली. ब्रिटिश ‘ऑडेशस’सुद्धा ऑक्टोबर १९१४ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेला पाणसुरुंगावरच गेली पण ती बाराएक तास तरंगत होती आणि तोवर खलाशांना उतरवून घेता आलं. हत्यार तेच, पण एकीकडे सहाशेहून जास्त माणसं गेली आणि दुसरीकडे एकच माणूस, तोही शेवटी जहाजाचा स्फोट झाला तेव्हा उडालेला तुकडा लागून. मिनिटांत गेली असेल तर कोठार तरी उडालंय नाहीतर जहाज झटक्यात उलटलंय असं धरून पुढे वाचायचं, तासांवर गेली असेल तर पाणी हळूहळू पसरत गेलंय आणि मग आतल्या भिंती, दारं, पंप यांच्याबद्दल काय लिहिलंय ते शोधायचं.

कोठाराचा विषय निघाला की जटलंडच्या लढाईवर थांबावंच लागतं, उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारं समोरासमोर आली ती. ३१ मे १९१६ च्या एका दुपारी-संध्याकाळी ब्रिटिशांच्या ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ अशा तीन बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या, पण वेगासाठी चिलखत हलकं ठेवलेल्या युद्धनौका) उडाल्या, तीन हजारांवर माणसं गेली. खूप ठिकाणी चिलखत पातळ होतं एवढंच कारण देतात, ते पुरेसं नाहीये. तोफा भराभर मारता याव्यात म्हणून कॉर्डाइटच्या, म्हणजे गोळा उडवणाऱ्या दारूच्या, पिशव्या कोठाराबाहेर रचून ठेवायच्या आणि आग अडवणारी दारं उघडी ठेवायची अशी सवय लागली होती, त्यामुळे टरेटला, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती घुमटाला, गोळा लागला की ज्वाळेला सरळ खाली जायला वाट मोकळी. जर्मनांना याचा चटका आधीच बसला होता, जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत ‘सायडलिट्झ’चे मागचे दोन्ही टरेट जळून गेले, कोठारात पाणी सोडल्यामुळे जहाज वाचलं, आणि त्यांनी त्यातून धडा घेऊन दारूची ने-आण सुधारली. हीच ‘सायडलिट्झ’ जटलंडला हजारो टन पाणी पोटात घेऊन, पुढचा भाग जवळजवळ बुडालेला असताना घरी परत गेली. आणि ब्रिटिश ‘लायन’ वाचली ती मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी, स्वतः मरणाच्या दारात असताना, कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला म्हणून. हे वाचलं की माझा तरी ऊर भरून येतो. म्हणून टरेटला गोळा लागला एवढं वाचून थांबू नका, त्या क्षणी खाली दारं उघडी होती की बंद आणि पाणी सोडलं की नाही हे विचारा.

ब्रिटिश ‘हूड’ पण याच जातीतली घटना, २४ मे १९४१, जर्मन ‘बिस्मार्क’चा गोळा मागच्या कोठारापर्यंत पोचला असा निष्कर्ष चौकश्यांमध्ये निघाला, जहाज तीनेक मिनिटांत गेलं, १४१८ पैकी ३ जण वाचले.

आता पाणी. इथे लोक टॉर्पेडो किती लागले ते मोजत बसतात, पण मोजायच्या आधी ते कुठल्या बाजूला लागले ते बघा. ‘मुसाशी’ आणि ‘यामातो’ या एकाच नमुन्याच्या दोन जपानी बहिणी शेजारी ठेवून वाचा, याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २४ ऑक्टोबर १९४४ ला ‘मुसाशी’वर सकाळपासून विमानांचे हल्ले झाले, टॉर्पेडो दोन्ही बाजूंना लागत गेले, एकीकडचं पाणी दुसरीकडच्या पाण्याने थोडंफार तोललं गेलं आणि ती संध्याकाळपर्यंत तग धरून होती. ७ एप्रिल १९४५ ला ‘यामातो’च्या वेळी बहुतेक टॉर्पेडो डाव्या बाजूलाच लागले, आणि ती ‘मुसाशी’पेक्षा कमी टॉर्पेडोंत, दोनेक तासांत कलंडली आणि मग प्रचंड स्फोट झाला. जहाज एका बाजूला कललं की दुसऱ्या बाजूच्या कंपार्टमेंटमध्ये मुद्दाम पाणी सोडून ते सरळ करतात, पण प्रत्येक वेळी जहाज थोडं आणखी खाली बसतं, म्हणजे हा उपाय उधारीचा आहे. ‘यामातो’वर शेवटी उजव्या बाजूच्या इंजिन आणि बॉयलरच्या खोल्यांतही पाणी सोडावं लागलं.

हाच उपाय वेळेत झाला तर काय होतं ते पर्ल हार्बरला दिसतं. ७ डिसेंबर १९४१ ला अमेरिकन ‘ओक्लाहोमा’ आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया’ दोघींना एकाच बाजूला टॉर्पेडो लागले, ‘ओक्लाहोमा’ पंधरा मिनिटांच्या आत उलटली आणि ४२९ माणसं गेली, ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर मात्र खलाशांनी विरुद्ध बाजूला पटकन पाणी सोडलं, ती सरळ बसली बंदराच्या तळावर, नंतर वर काढली आणि १९४४ मध्ये फिलिपाइन्समधल्या सुरिगावच्या सामुद्रधुनीत लढायला हजर होती. तेव्हा जहाजाच्या आतली रचना पण नजरेखालून घालत जा, बऱ्याच जुन्या जहाजांत मधोमध लांबीला एक उभी भिंत असायची, त्यामुळे पाणी एकाच बाजूला अडकून राहायचं आणि तेच उलटायचं कारण व्हायचं.

पुढची पायरी थोडी अवघड. सगळ्यात मोठा घाव आणि निर्णायक घाव हे बऱ्याचदा वेगळे असतात. ‘बिस्मार्क’बद्दल अजून भांडणं चालतात, ब्रिटिशांनी बुडवली की जर्मनांनी स्वतःच स्फोटकं लावून. माझं मत, २७ मेच्या सकाळी तिचं जे झालं ते आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं, कापडी पंखांच्या ब्रिटिश स्वोर्डफिश विमानाचा एक टॉर्पेडो मागे लागला, सुकाणू अडकलं आणि जहाजाला नीट दिशा धरता येईना. ब्रिटिश ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चंही तसंच, १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ जपानी विमानाचा टॉर्पेडो मागच्या डाव्या प्रोपेलर शाफ्टपाशी लागला, वाकडा झालेला शाफ्ट फिरत राहिला आणि त्याने आतल्या भिंतींची सीलं फोडली, पाणी आत, अर्ध्या जहाजाची वीज गेली, वीज नाही म्हणून पंप नाहीत आणि विमानविरोधी तोफा पण धड चालेनात. जर्मन ‘शार्नहोर्स्ट’ला २६ डिसेंबर १९४३ ला बॉयलर रूममध्ये गोळा लागून वेग कमी झाला म्हणून विनाशिका तिला गाठू शकल्या. तर मागे जात जात असा घाव शोधा जो नसता तर पुढचे घाव लागलेच नसते.

हकीकत कधी लिहिली गेलीय तेही बघा. दार्दानेल्सला ‘नुस्रत’ या छोट्या तुर्की जहाजाने रात्री गुपचूप २६ सुरुंगांची ओळ पेरली होती, ‘बुव्हे’ बुडाली त्या दिवशी ब्रिटिशांना ते कळलंच नाही, वाहत आलेले सुरुंग असावेत नाहीतर किनाऱ्यावरून टॉर्पेडो मारले असावेत असे तर्क चालले होते. ‘ऑडेशस’ बुडाल्याचं तर युद्ध संपेपर्यंत अधिकृतपणे मान्यच केलं नव्हतं, आणि जवळून गेलेल्या ‘ऑलिंपिक’ या प्रवासी जहाजावरच्या प्रवाशांनी फोटो काढले होते! त्यामुळे युद्धकाळातलं सरकारी निवेदन, नंतरची चौकशी आणि समुद्राच्या तळावरचे अवशेष यांना एकच वजन देऊ नका. २००१ मध्ये ‘हूड’चे अवशेष सापडले तेव्हा सुकाणू डावीकडे वळलेलं दिसलं, म्हणजे स्फोटाच्या जरा आधी दिलेला वळायचा हुकूम खरंच अमलात आला होता.

सराव करायचा असेल तर ब्रिटिश ‘बारहॅम’ घ्या, २५ नोव्हेंबर १९४१, भूमध्य समुद्र, जर्मन यू-३३१ पाणबुडीचे तीन टॉर्पेडो, आणि चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात आठशेहून जास्त माणसांचा शेवट आहे हे लक्षात ठेवून बघा, आणि बघताना स्फोटावर नजर न ठेवता त्याआधीची मिनिटं बघा, जहाज डावीकडे कलत कलत जवळजवळ आडवं होतं, माणसं कलत्या बाजूवर चढतायत, आणि कोठार उडतं ते त्याच्यानंतर.