पुढची काच बसवण्याचे काम: नाशिकमध्ये या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मी स्वतंत्रपणे बसवलेली पहिली काच पडली नाही, तडकलीही नाही, तरीही ती चुकीची बसली होती आणि हे मला आठ महिन्यांनी कळले. नोव्हेंबरात ज्या गाडीची काच बदलली होती, ती जुलैच्या पावसात दुकानापुढे येऊन उभी राहिली. चालकाच्या पायाखालची मॅट भिजून कुबट वास येत होता आणि मालकाच्या मते दोष दरवाजाच्या रबराचा होता. काच पुन्हा काढल्यावर खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा गंज दिसला. जुने सीलंट, म्हणजे काच बॉडीला चिकटवणारा थर, कापताना माझ्याच पात्याने पत्र्यावर ओरखडा ओढला होता आणि त्यावर प्रायमर, म्हणजे सीलंटखालचा प्राथमिक लेप, लावून तो वाळेपर्यंत थांबायला हवे होते. गिऱ्हाइकाला त्र्यंबकेश्वरला जायची घाई होती म्हणून मी ते टाळले. गंज सीलंटखाली सरकत गेला आणि सीलंट काचेपासून नव्हे, तर पत्र्यापासून सुटले. या व्यवसायात चूक ताबडतोब दिसत नाही, म्हणून ती न करण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी लागते.

सुरुवातीला आपण कशावर काम करतो ते समजून घ्यावे. मोटारीची पुढची काच म्हणजे काचेचे दोन पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेला पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा, बहुधा ०.७६ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक थर होय. बाजूच्या दरवाजांच्या काचा सहसा टफन केलेल्या असतात आणि फुटल्या की त्यांचे दाणे होतात, पण पुढची काच तडकली तरी मधल्या थराला चिकटून जागेवर राहते. याच गुणामुळे कितीतरी लोक तडा गेलेल्या काचेने महिनोन्महिने गाडी चालवतात. ही काच केवळ वारा अडवत नाही. ती सीलंटने बॉडीशी जोडलेली असल्यामुळे गाडी उलटल्यास छताला आधार देते आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना हिच्यावरच टेकते. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना ही दुसरी एअरबॅगही सक्तीची झाली. त्यामुळे पूर्वी कदाचित खपून गेलेले कच्चे काम आता एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

आलेली प्रत्येक काच बदलावीच लागते असे नाही, आणि नवख्याने हा प्रामाणिकपणा आधी शिकावा. खडी लागून पडलेली लहानशी टिचकी कडेपासून दूर आणि चालकाच्या नजरेच्या पट्ट्याबाहेर असेल, तर रेझिन भरून ती थांबवता येते. तडा कडेपर्यंत पोहोचला असेल, आतल्या पापुद्र्यालाही इजा झाली असेल किंवा खूण चालकाच्या डोळ्यांसमोर येत असेल, तर मात्र काच बदलणेच योग्य. आपल्याकडे कसारा घाटातून येणाऱ्या डंपरमागे राहिलेल्या गाड्या आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या कामांच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्या नेहमीच्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसीचा झोत काचेवर सोडला, की सकाळची टिचकी संध्याकाळपर्यंत हातभर तडा होते. टिचकीवर साधी चिकटपट्टी लावून धूळ-पाणी आत जाऊ देऊ नका आणि एसी हळूहळू वाढवा, एवढे फोनवर सांगितले तरी कधीकधी गिऱ्हाइकाचा काचेचा खर्च वाचतो.

या कामात येण्यासाठी आयटीआयचे प्रमाणपत्र लागतेच असे नाही, तरी सातपूरच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला वायरिंग आणि ट्रिम हाताळण्याची भीती राहत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. काचेचे काम मात्र दुकानातच शिकावे लागते. पहिले काही महिने तुम्हाला वायपर आर्म काढणे, काचेखालची काउलची जाळी उचलणे, डॅशबोर्डवर जाड कापड पसरणे आणि बीडिंगच्या क्लिपा न मोडता सोडवणे एवढेच दिले जाईल. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लागलेले मित्र तेव्हा तुमच्यापेक्षा जास्त कमावत असतील. तरीही या क्लिपांना कमी लेखू नये, कारण मोडलेली एक क्लिप वाऱ्याच्या शिट्टीच्या रूपाने महामार्गावर बोलू लागते आणि गिऱ्हाईक दोष काचेलाच देते.

काच काढताना एक जण आत आणि एक बाहेर बसून तारेने सीलंट कापतो. तार सरळ रेषेत ओढली तर पत्रा वाचतो, घाईत तिरकी ओढली तर रंग सोलला जातो. त्यानंतर बॉडीवर राहिलेले जुने सीलंट किती काढायचे, हा नवख्याचा हमखास चुकणारा प्रश्न आहे. स्वच्छतेच्या समजुतीने मी सुरुवातीला ते रंगापर्यंत खरवडून काढत असे. नवे पॉलियुरेथेन, म्हणजे आपले सीलंट, सर्वांत घट्ट धरते ते ताज्या कापलेल्या जुन्या पॉलियुरेथेनवर, म्हणून एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर मुद्दाम ठेवायचा असतो. तो थर निघाला किंवा कुठे ओरखडा पडला, तर तेवढ्या जागी प्रायमर लावून डब्यावर लिहिलेली वेळ पाळायची. गंज आधीपासून असेल तर काच बसवण्याचे नाव न काढता गाडी आधी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पाठवायची, मग गिऱ्हाईक कितीही नाराज होवो.

नवी काच जुन्या काचेशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हात लावू नये. एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत पावसाच्या सेन्सरची जागा, कॅमेऱ्याचे ब्रॅकेट, अँटेना किंवा वरची हिरवी पट्टी वेगळी असते. आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक पाहावा आणि काच उजेडाकडे धरून पलीकडची सरळ रेषा वाकडी दिसते का ते तपासावे. कडेची काळी पट्टी शोभेची नसून सीलंटला उन्हापासून वाचवते. तिच्यावर क्लीनर आणि काचेचे प्रायमर लागल्यानंतर उघडे बोट फिरवले, तर हाताचे तेल तेवढ्या जागी सीलंटला धरू देत नाही.

सीलंटची गन चालवणे हे या कामाचे खरे शिक्षण आहे. नॉझलला व्ही आकाराची खाच कापून त्रिकोणी धार सलग फिरवायची, मध्ये थांबायचे नाही आणि सुरुवात व शेवट जिथे भेटतात तिथे दोन्ही टोके एकमेकांत दाबून घ्यायची, कारण गळतीच्या तक्रारी बहुतेक याच सांध्यातून निघतात. काच तिला चिकटून धरणाऱ्या सक्शन कपांनी दोघांनी उचलावी आणि सीलंट लावण्यापूर्वी एकदा कोरडी ठेवून टेपने खुणा कराव्यात. धार लावल्यावर तिच्यावर साय धरण्याआधी काच बसली पाहिजे, नंतर ती सरकवायला जागा उरत नाही. स्वस्तात होते म्हणून सिलिकॉन वापरण्याचा मोह काही ठिकाणी दिसतो. सिलिकॉन काचेचा भार पेलत नाहीच, शिवाय त्याचा अंश मागे राहिला तर पुढच्या वेळी योग्य सीलंटही तिथे नीट धरत नाही.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, ही गोष्ट नाशिकच्या हवामानात लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारीत निफाडचा पारा घसरतो, तेव्हा आपल्याकडची सकाळही थंड आणि कोरडी असते, आणि जुलैत ज्या वेळात गाडी सोडता येते तेवढ्यात ती जानेवारीत सोडता येत नाही. पावसाळ्यात उलटा धोका असतो: ओलावा हवेत हवा, चिकटवण्याच्या जागेवर नको. त्यामुळे छत नसलेल्या जागी काम घेऊच नये. गाडी किती वेळाने चालवावी, हे ट्यूबवर तापमानानुसार दिलेले असते. ती वेळ अंदाजाने कमी करू नये. गाडी देताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवायला आणि दरवाजा जोरात न आपटायला सांगावे, कारण बंद गाडीतल्या हवेचा धक्का ओल्या सीलंटवरच्या काचेला बाहेर ढकलतो. दाबाच्या पाण्याने धुणेही दोन दिवस टाळायला सांगावे.

विम्याचे काम मालकाचे, असे म्हणून सुटू नये. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापला जात नाही, मात्र १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये मालकाला सक्तीने भरावे लागतात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही. लहान गाडीच्या साध्या काचेसाठी दावा केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, हे आधी सांगितले की गिऱ्हाईक हिशेब करून ठरवते आणि पुढच्या वेळी तुमच्याकडेच येते. दावा करायचा असेल तर विमा कंपनीची पाहणी होण्याआधी काच काढू नये.

जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो, कारण काढताना तो फाटतो आणि पुन्हा चालत नाही. एकदा पुण्याला निघालेल्या गिऱ्हाइकाचा शिंदे टोलनाक्यावरून मला फोन आला होता आणि रोखीने भरलेल्या दुप्पट टोलबद्दल त्याने जे ऐकवले ते योग्यच होते. तेव्हापासून बिल करतानाच मी बँकेकडून नवा टॅग मागवायला सांगतो.

आता काचेला चिकटलेल्या कॅमेऱ्याच्या गाड्या वाढत आहेत. हा कॅमेरा रस्त्याच्या रेषा आणि पुढचे वाहन ओळखतो, म्हणून काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करावे लागते. त्यासाठी ठरावीक अंतरावर मांडलेले फलक, सपाट जमीन आणि स्कॅनर लागतो, तर काही गाड्यांत ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून ते पूर्ण करावे लागते. माझ्याकडे ही सोय नाही. अशी गाडी आली तर मी ती कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो आणि दुकानातल्या हेल्परला सोबत जाऊन बघून यायला सांगतो.